पोर्ट बसवला, आता तो सांभाळा

केमोच्या दोन-तीन खेपा झाल्या की हाताला शीर सापडेनाशी होते. सिस्टर दंडाला पट्टा आवळून टिचक्या मारत राहते आणि आपण भिंतीकडे बघत राहतो. माझं ऑपरेशन डाव्या स्तनाचं, त्यामुळे तो हात सुयांना वर्ज्य. सगळा भार उजव्या हातावर आला आणि त्याच्या शिरा काळवंडून दोरीसारख्या कडक झाल्या. त्यातून आमच्या वॉर्डात ज्याला सगळे ‘लाल औषध’ म्हणत, ते डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर सांडलं तर कातडीखालचं मांससुद्धा जळतं. म्हणून डॉक्टरांनी पोर्ट सुचवला.

जागेवरच भूल देऊन उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली एक लहान डबी बसवली. तिची नळी मोठ्या शिरेतून हृदयाच्या तोंडाशी जाते. ‘अंगात कशाला लोखंड घालून घेतेस?’ असं जाऊबाईंनी विचारलं. डबी टायटॅनियमची किंवा प्लॅस्टिकची असते; वरून सिलिकॉनचा पडदा. जखम भरली की वर नुसती कातडी. दोन्ही हातांनी अंघोळ करावी, कणीक मळावी, नातवाला उचलावं. सुई टोचायच्या तासभर आधी बधिर करणारं मलम लावलं तर टोचल्याचंही फारसं जाणवत नाही.

बारीकसारीक सोयी मात्र कुणी सांगत नाही. पोर्ट उजवीकडे असेल तर पदर आणि त्याची पिन डावीकडे, हे आपलं नशीब. पर्सचा पट्टा त्या खांद्यावर नको. गाडीत डाव्या बाजूला बसावं, म्हणजे सीटबेल्ट पोर्टवरून जात नाही. केमोच्या दिवशी पुढून हुक किंवा बटणं असलेलं काही घालावं.

आता जे बिनसलं ते सांगते. मधल्या काळात जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं, म्हणून गावातल्या एका नर्सिंग होममध्ये सलाईन लावायला नेलं. शीर मिळेना. तिथली सिस्टर म्हणाली, ‘ताई, हे बटण आहे ना, यातूनच देते,’ आणि नेहमीचीच सुई पोर्टात घातली. हातमोजे नव्हते, कातडी नीट पुसलीही नव्हती. पोर्टासाठी ह्युबर सुई लागते. तिचं टोक असं वळवलेलं असतं की सिलिकॉनचा पडदा फक्त फाकतो, साधी सुई त्याचा कण कापून काढते आणि पडदा पुढे गळू लागतो.

नंतर मोठ्या रुग्णालयात पोर्ट फ्लश केला, म्हणजे सलाईनने धुतला, आणि अर्ध्या तासात मला हुडहुडी भरली. तीन चादरी घेतल्या तरी दात वाजत होते. पोर्टातलं आणि हातातलं, दोन्हीकडचं रक्त तपासलं. नळीत जंतू निघाले. जंतू त्याच सुईने गेले, हे कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. पोर्ट मात्र काढावा लागला आणि राहिलेली केमो दंडातून घातलेल्या पिक लाइनने झाली. दर आठवड्याला ड्रेसिंग, अंघोळीला हातावर प्लॅस्टिकची पिशवी. गमावलेल्या पोर्टाची किंमत तेव्हा कळली.

पोर्टातही अडचणी येतात. ब्रिटनमधल्या 1,061 रुग्णांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये 2021 साली आला. त्यातल्या एका तुलनेत पिक लाइनवाल्यांपैकी 47 टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, पोर्टवाल्यांपैकी 32 टक्क्यांना. कमी आहे, शून्य नाही.

म्हणून सांगते, फ्लशनंतर थंडी वाजून आली किंवा ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नका. केमोत पांढऱ्या पेशी कमी असतात आणि जंतू रात्रीत पसरतात. त्या बाजूचा हात, मान किंवा चेहरा सुजला तर नळीभोवती गुठळी झाली असेल, त्याच दिवशी दाखवा. औषध सोडण्याआधी सिस्टरने रक्त परत येतं का ते पाहिलंच पाहिजे. येत नसेल तर ‘चालतंय’ म्हणू देऊ नका. औषध चालू असताना जळजळलं तर लगेच हाक मारा, ती सिस्टर कितीही घाईत असली तरी. सिरिंज दहा मिलीची किंवा मोठी हवी. छोट्या सिरिंजचा दाब जास्त पडतो आणि नळी फाटू शकते. सीटी स्कॅनचं औषध यंत्राने जोरात सोडतात, तो दाब प्रत्येक पोर्ट सोसत नाही. तुमचा कोणता, ते पोर्टाच्या कार्डावर लिहिलेलं असतं.

केमो संपल्यावरही पोर्ट अंगात असेपर्यंत फ्लश चुकवायचा नसतो. कुठे दर महिना-दीड महिन्याला सांगतात, कुठे तीन महिन्यांनी. आपल्या डॉक्टरांचं ऐकावं.

मला कुणी विचारलं तर मी आजही पोर्टच घ्या म्हणते. फक्त बसवण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: आपल्या गावाजवळ फ्लश कुठे होईल आणि ह्युबर सुई तिथे मिळते का. मिळत नसेल तर दोन सुया घरी आणून ठेवा, आणि कार्डाची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाच्या खिशात राहू द्या.