चर खोदताना : आधी कागद, मग कुदळ



काटोल रोडने कळमेश्वरकडे जाताना पाइपलाइनसाठी खोदलेला एखादा चर तुम्ही पाहिलाच असेल. दोन्ही बाजू सुरीने कापल्यासारख्या सरळ आणि खाली पुरुषभर खोलीत एक मजूर पाइप जोडत बसलेला. "माती कडक आहे, काही होत नाही," असं मुकादम सांगतो. सिव्हिलच्या विद्यार्थ्याने नेमका इथेच विचार करायला हवा. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं!

आपल्या भागात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण असा सर्वसाधारण क्रम असतो. काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी प्यायलं की फुगतं, वाळलं की आकसतं. म्हणूनच मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा दिसतात. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की त्याच भेगांतून पाणी आत शिरतं आणि कडक माती लोण्यासारखी होते.

आता थोडं गणित. बिनआधाराचा उभा कट किती खोल टिकेल याचं सूत्र आपण व्हायव्हासाठी पाठ करतो : चार सी भागिले गॅमा. समजा, कोरड्या मातीचं कोहेजन २५ किलोन्यूटन प्रति चौ.मी. आणि घनता १८ किलोन्यूटन प्रति घ.मी. आहे. उत्तर येतं साडेपाच मीटर. मुकादम खरा ठरला! पण माती भिजून कोहेजन १० वर आलं तर हेच उत्तर २.२ मीटर होतं. भेगा धरल्या की टर्झागींच्या मते चारच्या जागी २.६७ घ्यायचे. मग उरतो जेमतेम दीड मीटर. माती तीच, चर तोच, फक्त एक पाऊस मध्ये पडला.

आणि एक घनमीटर माती म्हणजे पावणेदोन-दोन टनांचं ओझं. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस श्वास सोडतो तेव्हा माती आणखी आवळते, पुढचा श्वास घेताच येत नाही. तोंड उघडं असूनही तो गुदमरू शकतो.

मग उपाय काय? बाजूंना उतार द्या, पायऱ्या काढा किंवा फळ्या-बल्ल्यांचा आधार द्या. पण यात एक मेख आहे. तळाशी १ मीटर रुंद आणि २ मीटर खोल चर सरळ खोदला तर दर मीटर लांबीला २ घनमीटर माती निघते. एकास एक उतार दिला तर ६ घनमीटर! खोदाई तिप्पट. हा खर्च एस्टिमेटमध्ये धरलेला नसेल तर साइटवर तो कुणीच करणार नाही. म्हणजे मजुराचा जीव कुदळ पडण्याआधी, आपल्या टेबलावरच्या कागदावर वाचतो किंवा जातो.

खोदाईआधी :
१. ट्रायल पिट घेऊन माती आणि पाण्याची पातळी पाहा.
२. नगर परिषद, महावितरण, टेलिफोन खातं यांच्याकडून जुन्या लाइनी कुठून गेल्यात ते विचारा.
३. एका दिवसात पाइप टाकून बुजवता येईल तेवढाच चर उघडा.

खोदताना (सीपीडब्ल्यूडीच्या सेफ्टी कोडनुसार) :
१. खोली १.५ मीटर किंवा जास्त असेल तर उतार किंवा आधार हवाच. ढिल्या मातीत त्याआधीही द्यावा.
२. निघालेली माती काठापासून १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्मं, यातलं जे जास्त असेल तेवढी लांब टाका.
३. १.२ मीटरपासून पुढे दर ३० मीटर लांबीला एक शिडी. ती काठाच्या वर ९० सें.मी. यायला हवी.
४. खालून पोखरून वरची माती पाडायची नाही.

याशिवाय, रोज सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर काठाला नवी भेग दिसते का ते पाहूनच माणूस खाली उतरवा. जेसीबी, ट्रॅक्टर काठापासून दूर ठेवा.

आणि चर ढासळलाच तर? आपण घाईने आत उडी मारू नये, कारण दुसरी बाजूही पडते. माणूस गाडला असेल तिथे जेसीबीचं बकेट चालवू नये. बाकीच्यांना बाहेर काढा, ११२ ला फोन करा, बाजूंना आधार द्या आणि मगच हाताने माती काढा.

उद्या आपणच साइट इंजिनिअर होणार. मुकादम म्हणेल, "साहेब, अर्ध्या तासाचं काम आहे." तेव्हा दीड मीटर आठवा आणि सरळ सांगा, "आधी फळ्या लावा, मग उतरा."