कुरव आणि सुरय : ओळख व संरक्षण

थंडी सुरू झाली की कोकणच्या किनाऱ्यावर, तसेच उजनीसारख्या मोठ्या जलाशयांवर पांढऱ्या-राखी पक्ष्यांचे थवे उतरतात. आपण सरसकट त्यांना 'समुद्रपक्षी' म्हणतो. वास्तविक त्यांत कुरव आणि सुरय असे दोन वेगळे गट आहेत. कुरव बहुतांशी हिवाळी पाहुणे आहेत, तर नदी सुरय आपल्याच नदीपात्रात अंडी घालतो. गाळपेर जमीन कसणाऱ्यांनी हा फरक जाणून घेणे आवश्यक आहे.

गट कसा ओळखावा?

कुरवाचे अंग भरदार, पंख रुंद आणि शेपटी पंख्यासारखी असते. तो बदकासारखा पाण्यावर तरंगतो. सुरयाचे अंग सडपातळ, पंख अरुंद व टोकदार आणि शेपटी बहुधा दुभंगलेली असते. तो चोच खाली रोखून पाण्यावर घिरट्या घालतो, मात्र पाण्यावर क्वचितच बसतो.

कुरवाचे प्रमुख प्रकार

१) तपकिरी डोक्याचा कुरव : लडाख व तिबेटच्या सरोवरांकाठी वीण होते. हिवाळ्यात डोके पांढरे होते व कानाजवळ काळसर ठिपका उरतो. चोच लाल, टोक काळे. प्रौढ पक्ष्याचा डोळा फिकट असतो. उडताना पंखांच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके दिसतात.

२) काळ्या डोक्याचा कुरव : आकाराने थोडा लहान, डोळा गडद. पंखाची पुढची कड पांढरी असते. नाव फसवे आहे. विणीच्या काळात त्याचे डोकेही गडद तपकिरीच असते. म्हणून डोक्याच्या रंगावर विसंबू नये, डोळा व पंख पाहावेत.

३) पल्लासचा कुरव : लांबी ६० ते ७० सें.मी., म्हणजे घारीपेक्षाही मोठा. पिवळ्या चोचीच्या टोकाजवळ काळा पट्टा व लाल रंग असतो. परतीच्या आधी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, डोके काळे होते.

पहिल्या वर्षाच्या पिल्लांचे पंख तपकिरी छटेचे व शेपटीच्या टोकाला काळा पट्टा असतो. ती वेगळी जात समजू नये.

सुरय व शेती

कल्ला सुरय भातखाचरे व तळ्यांवर उडत कीटक टिपतो. जाड काळ्या चोचीचा सुरय कीटक व खेकडे खातो. हे पक्षी दाणे खात नाहीत, त्यामुळे पिकाला त्यांचा उपद्रव नाही. नदी सुरय लहान मासे पकडतो. मत्स्यबीज संगोपनाच्या तळ्यावर जाळे ताणून बांधावे. सैल जाळ्यात पक्षी अडकतात.

नदी सुरयाची चोच पिवळीजर्द, पाय लाल व विणीत माथा काळा असतो. त्याची संख्या घटत असून २०२० पासून जागतिक यादीत त्याची नोंद 'संकटग्रस्त होण्याची शक्यता असलेला' अशी आहे. मार्च ते मे या काळात तो वाळूच्या पट्ट्यावर किंवा धरणातील उघड्या बेटावर साध्या खळग्यात बहुधा दोन-तीन ठिपकेदार अंडी घालतो. नेमक्या याच वेळी तेथे कलिंगड, काकडी यांची लागवड असते, जनावरे चरतात व कुत्री फिरतात. अंड्यांचा रंग वाळूत मिसळत असल्याने ती नकळत पायाखाली येतात.

काय काळजी घ्यावी?

१) नांगरणीपूर्वी दहा-पंधरा मिनिटे दूर उभे राहून पाहावे. पक्षी ओरडत अंगावर झेपावू लागले, तर जवळपास घरटी आहेत असे समजावे व लगेच मागे फिरावे. उन्हात अंडी उघडी राहिल्यास ती निकामी होतात.

२) घरट्यालगत खूण करू नये, कावळे ती हेरतात. लांब अंतरावर काठ्या रोवून पट्टा सोडावा.

३) अंडी उचलून दुसरीकडे ठेवू नयेत.

४) पाण्याने वेढलेली लहान बेटे पिल्ले उडेपर्यंत पडीक ठेवावीत. गुरे व कुत्री तेथे जाऊ देऊ नयेत.

५) कुरवांना शेव-गाठी खाऊ घालू नये.

६) अनेक पक्षी एकाच वेळी मेलेले आढळल्यास हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर बर्ड फ्लूने हजारो स्थलांतरित पक्षी मेले होते. परसातील कोंबड्या अशा पाण्यापासून दूर ठेवाव्यात.

वन्य पक्ष्यांची अंडी गोळा करणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. तथापि कायद्यापेक्षा शेतकऱ्याची नजर अधिक उपयोगी पडते. टिटवीची अंडी दिसली की नांगर वळवून घेणारे शेतकरी गावोगावी आहेत. तीच रीत नदी सुरयासाठी पाळावी. दोन सरींचे नुकसान सोसले, तर पुढच्या उन्हाळ्यातही हा पक्षी आपल्या नदीवर दिसेल.