भरती पावणेदहाची, फोन नऊचा

माझी पुण्याची नणंद दर वेळी विचारते, "पनवेलला गं कुठला आलाय समुद्र?" तिचंही चूक नाही. एस.टी. स्टँडवर उतरलेल्या माणसाला उड्डाणपूल दिसतो, रिक्षांची रांग दिसते, समुद्र काही दिसत नाही. पण जुन्या पनवेलात कोळीवाड्याच्या अंगाला गेलं की खाडीवाटे तो दिवसातून दोनदा आत येतो आणि दोनदा परत जातो. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा मुंबईचा माणूस पुण्याला जायला होडीतून पनवेल बंदरात उतरायचा आणि इथून घाटाकडे निघायचा. १८६३ मध्ये आगगाडी घाट चढली आणि प्रवासी तिकडे वळले. खाडीला राहिले कोळी, तिवरं आणि चिखल. गेली सहा वर्षं त्यात मीही आहे.

पोस्टातून निवृत्त झाले, दोन वर्षांत हे गेले. मुलगी नाशिकला असते, ती म्हणाली इकडेच ये. मी गेले नाही. एकटीनं राहण्यात एक सुख असतं, ते उघड बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. "कुठे निघालीस?" आणि "कधी येणार?" हे दोन प्रश्न विचारणारं घरात कोणी नव्हतं. चाळीस वर्षं या प्रश्नांना उत्तरं देऊन मगच उंबरा ओलांडला होता. आता कुलूप लावायचं, जिना उतरायचा, बास. वडाळे तलावाला फेरी मारावी, फडके नाट्यगृहात कडेचं एक तिकीट काढावं, वाटलं तर लोकल पकडून उरणपर्यंत जाऊन यावं. पोस्टातली एक जुनी आखीव वही होती, तिच्यात पेन्सिलीनं चित्रं काढायला लागले. आधी झाडं, मग बगळे, मग खाडीवरच्या निवट्या.

निवटी तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. आहे मासाच, पण रमते पाण्याबाहेर. बोटभर लांब, डोळे बेडकासारखे डोक्यावर. पुढचे दोन पर कोपरांसारखे टेकत ती चिखलावरून चालते, मधूनच उडी मारते, आणि डोळा कोरडा पडला की खोबणीत आत ओढून ओला करून घेते. रागावली किंवा रंगात आली की पाठीवरचा पर शिडासारखा उभा करते. कोळीवाड्यात तिचं कालवण करतात. मला तो उभा पर काढायचा होता, आणि बांधावरून तो नीट दिसेना.

मार्गशीर्षातली शुद्ध त्रयोदशी होती, दत्तजयंती तोंडावर आलेली. साडेचारला बांधावर पोचले तेव्हा खाडी रिकामी होती. ओहोटी आहे, एवढं बघितलं आणि सव्वापाचच्या सुमारास बांध उतरून चिखलात गेले. पंधरा-वीस पावलं, जास्त नाही. वरचा थर वाळून तडकलेला होता, पाय ठरत होता. मग एका पावलाला ठरला नाही. डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि तो ओढून काढताना घोट्यात काहीतरी कडकन वाजलं. चप्पल खालीच राहिली. ओढावं तेवढा उजवाही रुतायला लागला. मोबाइल घरी, ओट्यावर, चार्जिंगला.

पाणी येणार ते समोरून, म्हणून मी समोर बघत होते. ते मागून आलं. खाडीच्या चिखलात हातभर रुंदीच्या कितीतरी नाळा असतात, वाकड्यातिकड्या. भरती आधी त्या भरते. मी आणि बांध यांच्यामध्ये अशीच एक नाळ होती. येताना मी ती कोरडी ओलांडली होती, तेव्हा तिच्याकडे लक्षही गेलं नव्हतं. सहाला सूर्य गेला. वळून पाहिलं तर नाळेत चंद्र दिसत होता.

ओरडले. हायवेची घरघर एवढी, की माझाच आवाज मला पुरेना. पावणेसातच्या पुढे बांधावर बॅटरी हलली. एक कोळीण पाटी घेऊन घरी निघाली होती. ती आधी माझ्यावर खेकसली. "बाय, उबी नको राहू! बस खाली. जेवढी हिसकशील तेवढी आत जाशील." बसले. वजन पसरलं तसं रुतणं थांबलं. तिनं मुलाला हाक मारून होडीतली फळी आणवली, ती चिखलावर आडवी टाकून तो पोटावर सरपटत आला आणि पाय हळूहळू गोल फिरवत, चिखल सैल करत, त्यानं मला सोडवलं. नाळ ओलांडताना पाणी मांडीला लागलं. घोट्याचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या मी एक साधा हिशेब केला. मुलगी रोज रात्री नऊला फोन करते. मी उचलला नसता तर तिनं पाच-दहा मिनिटं वाट बघितली असती, पुन्हा लावला असता, मग शेजारी लावला असता. शेजाऱ्यांनी दार वाजवलं असतं, कुलूप बघितलं असतं, "गेल्या असतील नाटकाला" म्हणाले असते. आणि त्या दिवशीची भरती होती पावणेदहाची. पुढे काठी घेऊन चालता यायला लागल्यावर मी बांधावर जाऊन पाहिलं. दगडांवर शेवाळाची रेघ असते, पूर्ण भरतीला पाणी तिथपर्यंत चढतं. ती रेघ, मी जिथे बसले होते तिथल्या माझ्या डोक्याच्या हातभर वर होती.

लोक म्हणाले, या वयात खाडीवर जायचंच कशाला. हे मला पटत नाही. खाडीवर गेले ही चूक नव्हती. मी कुठे आहे आणि किती वाजता परत यायला हवी, हे जगात एकाही माणसाला ठाऊक नव्हतं, ही चूक होती. आणि तेच मी सुख म्हणून मिरवत होते.

म्हणून प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा शाळेची पाटी आणि खडू आणला आणि दाराबाहेर टांगला. "वडाळे तलाव. परत ६.३०." तीन दिवसांत सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. म्हणाले, "काकू, चोरांना आमंत्रणपत्रिका छापलीत की हो." बरोबरच होतं. दाराबाहेर पाटी लावू नका. माझी पाटी आता शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात, फ्रिजवर असते. निघताना मी ती लिहिते, आल्यावर पुसते. लिहिलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात पुसली गेली नाही तर त्यांचा नातू मला फोन करतो, आणि मी उचलला नाही तर त्याचे बाबा निघतात. जागेचं नाव मोघम नको. "खाडी" असं लिहून भागत नाही, खाडी केवढी मोठी आहे. "कोळीवाड्याचा बांध, उघाडीपाशी" असं लिहायचं. उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. ज्यांना शेजार नाही त्यांनी दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, वॉचमनला सांगावं. लाजू नये. आपला एक दिवसाचा पेपर दाराशी पडून राहिला तर सगळ्यात आधी त्यांनाच कळतं.

आता भरतीचं. किनाऱ्यावरच्या लोकांचं गणित सोपं आहे: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाचाचे पाऊण म्हणजे पावणेचार, म्हणजे दुपारी नि पहाटे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा, आणि पक्ष संपला की पुन्हा एकापासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोजची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि वेगानं येतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ते मवाळ असतं. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतेच. हे मुंबई बंदराचं गणित आहे आणि अंदाजाचंच आहे. पनवेलसारख्या खाडीच्या टोकाला पाणी थोडं उशिरानं पोचतं. पावसाळ्यात गाढीला पूर असला की हे गणित गुंडाळून ठेवायचं आणि घरी बसायचं.

मला तिथीचं हे गणित तेव्हाही येत होतं. केलं नाही, एवढंच. "ओहोटी आहे" असं म्हणून मी उतरले, पण ती ओहोटी संपलेली होती, पाणी वळून तास उलटून गेला होता. पाणी उतरत असताना जावं आणि चढायला लागायच्या आत बांधावर असावं. अलिबागला कुलाबा किल्ल्यावर चालत जाणाऱ्यांचं हेच होतं. जाताना पायाखाली ओली वाळू असते, म्हणून किल्ल्यात निवांत फिरतात, आणि बाहेर येऊन बघतात तर वाटेवर समुद्र. मग पुढच्या ओहोटीपर्यंत आत बसा, नाहीतर होडी शोधा. तिथे जाणार असाल तर आधी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला परतीची वेळ विचारा. त्याचं पोट त्या वेळेवर आहे, तो चुकत नाही.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगावरच्या खिशात, खांद्यावरच्या झोळीत नव्हे, कारण पडल्यावर झोळी आधी लांब जाते. गळ्यात शिट्टी. माझी वीस रुपयांची आहे, शाळेच्या पी.टी.च्या मास्तरांकडे असते तसली. घसा बसला तरी ती वाजते. चप्पल नको, पट्ट्याचे बूट. काठी पुढे टेकवून मगच पाऊल. घराची एक किल्ली दुसऱ्याकडे, कारण लॅचच्या दाराआड पडलात तर बाहेरच्याला दार फोडावं लागतं. ११२ आणि १०८ पाठ असतातच. १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांचा नंबरही लिहून ठेवा, तातडीची मदत नको असेल आणि नुसतं काही विचारायचं असेल तरी चालतो.

आणि जात राहा. कर्नाळा इथून बारा-तेरा किलोमीटर. अभयारण्य १९६८ सालचं, बारा चौरस किलोमीटरच्या आसपास, पण सकाळी आत शिरलात तर हायवे पाठीमागे राहतो आणि नशीब असेल तर स्वर्गीय नर्तकाची पांढरी शेपटी फांद्यांतून जाताना दिसते. रविवार टाळा. एकटे असाल तर खालच्या पायवाटाच पुरेत. किल्ल्याच्या सुळक्याकडे जाऊ नका, तिथे मधमाश्यांची पोळी असतात. उरणला जायला बेलापूरला लोकल बदलायची. जानेवारी २०२४ पासून गाडी थेट उरणपर्यंत जाते, तिथून पीरवाडीचा किनारा रिक्षाच्या अंतरावर. सूर्यास्त बघून परत फिरायचं असेल तर गाडीची वेळ आधी बघा, सूर्यास्ताची नंतर.

प्लास्टरच्या सहा आठवड्यांनी मला एक नवंच शिकवलं. खिडकीसमोर उंबर आहे आणि त्यावर तांबट येतो. बसल्या जागी त्याची चौदा चित्रं काढली, त्यातली दोन बरी आहेत. तेव्हा पक्षितज्ज्ञ सालिम अलींची आठवण झाली. १९३० साली हातात नोकरी नसताना ते किहीमला राहिले होते आणि तिथल्या सुगरणींच्या घरट्यांसमोर तासन्‌तास बसले. नर अर्धं घरटं विणून थांबतो, मादी येऊन तपासते, तिला पसंत पडलं तरच पुढचं काम; आणि ती आत रमली की हा शेजारी दुसरं घरटं सुरू करून दुसरीची वाट बघतो. हे त्यांना तिथे बसून दिसलं. एका जागी. निवटीच्या मागे चिखलात उतरले नाहीत.

गेल्या महिन्यात मी परत आले आणि पाटी पुसायला विसरले. वेळ टळून गेली, फोन आला, मी न्हाणीघरात होते. दहा मिनिटांत वहिनींचा नातू आणि त्याचे बाबा दार बडवत उभे. खरं सांगते, मला राग आला. स्वतःच्या घरात अंघोळ करायचीही चोरी! नातू मात्र माझ्याकडे न बघता पायांकडे बघत होता, चिखल आहे का ते.

एकटे राहत असाल तर आज रात्री ज्याचा फोन येईल त्याला उद्याची वेळ सांगा. किती वाजता निघणार ते नको. किती वाजता परत येणार ते सांगा.