कथांचे सूत्र

अनेक कथा एकत्र छापल्या की संग्रह होतो. परंतु त्यांमधून एकच सूत्र गेलेले असले, म्हणजे त्या कथा परस्परांना अर्थ देऊ लागतात.

अमेरिकेतील आयोवा येथील विद्यापीठात लेखनकलेची पदवी प्रबंधाऐवजी स्वतःच्या कथा सादर करून मिळविता येत असे. फ्लॅनरी ओकॉनर या विद्यार्थिनीने १९४७ साली सहा कथांचा संग्रह सादर करून ती मिळविली. त्यातील पहिल्या कथेचा वृद्ध नायक न्यूयॉर्क नगरीत राहून आपल्या प्रदेशासाठी झुरतो. पदवी मिळाली, तरी लेखिकेचे समाधान झाले नाही. तीच कथा तिने पुढे नव्याने लिहिली. १९६४ साली, मृत्यूच्या वर्षीही, ती तिच्यावर परिश्रम घेत होती.

व्यंकटेश माडगूळकर यांच्याजवळ अशी पदवी नव्हती. तरीही १९४९ साली त्यांचा 'माणदेशी माणसं' हा संग्रह प्रसिद्ध झाला. झेल्या, शिवा माळी, नामा मास्तर ही माणसे निरनिराळी. परंतु दुष्काळी माणदेश हे त्या सर्वांचे सूत्र होय.

असे सूत्र छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातही सापडेल. पूर्वी या जागेस काळा चबुतरा म्हणत. १८५७ साली उठाव करणाऱ्या सैनिकांना येथे देहदंड देण्यात आला. तेव्हाचा सैनिक आणि आजचा रिक्षावाला यांच्या कथा हीच जागा जोडू शकेल.

पदवी परीक्षक देतात. सूत्र मात्र लेखकाला स्वतःच शोधावे लागते.

स्वाध्याय
१. ओकॉनरने तीच कथा पुन्हा का लिहिली असावी?
२. आपल्या गावातील एक जागा निवडून तीन कथांचे विषय लिहा.