यादीतले दहा आणि खेळलेले चार

पुणे,
२८ डिसेंबर २०२५

चि. ओंकार,

‘२०२५ मधले माझे दहा आवडते गेम’ ही तुझी यादी मिळाली. कॉलेजच्या वार्षिक अंकात यावरच लेख द्यायचाय, असं ताई म्हणाली. ‘मावशी, तू या धंद्यातली आहेस, जरा नजर टाक’ असं तू लिहिलंस, म्हणून टाकली. फोनवर सांगायला गेले तर तू ‘हो हो’ करत सुटशील, तेव्हा कागदावरच सांगते.

यादीतले पहिले सहा गेम बघ: एक्सपिडिशन ३३, डेथ स्ट्रँडिंग २, डाँकी काँग बनान्झा, हेडीस २, सिल्कसाँग, किंगडम कम डिलिव्हरन्स २. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमसाठी नामांकन मिळालेले हे सहाच्या सहा. ११ डिसेंबरला लॉस एंजेलिसला एक्सपिडिशन ३३ जिंकला आणि तुझ्या यादीतही तोच पहिला आला. असेल, योगायोग असेल. पण डेथ स्ट्रँडिंग २ यंदा फक्त प्लेस्टेशन ५ वर आलाय. डाँकी काँग खेळायला निन्टेन्डोचं स्विच २ लागतं, आणि ते यंत्र कंपनी भारतात अधिकृतपणे विकतही नाही. तुझ्याकडे भाऊजींचा जुना डेस्कटॉप, त्यात ग्राफिक्स कार्ड नाही. मग बालाघाटात बसून हे दोन गेम तू खेळलास कुठे रे?

यूट्यूबवर पाहिलेस. त्यात लाजण्यासारखं काही नाही. असं महागडं यंत्र घरात नसणं हा काही तुझा दोष नाही, आणि दुसऱ्याचा खेळ बघणं हीही एक मजा आहेच, नाहीतर क्रिकेटची मैदानं ओस पडली असती. फक्त पाहिलेलं ते पाहिलेलं म्हण. ‘यंदा मी पाहिलेले गेम’ असा वेगळा परिच्छेद कर, कुणी नाव ठेवणार नाही. चिन्नोर तांदळाचंच बघ. २०२१ मध्ये बालाघाटच्या चिन्नोरला जीआय मानांकन मिळालं, तरी पोतं घ्यायच्या आधी तुझी आजी मूठभर तांदूळ शिजवून बघतेच.

पाहणं आणि खेळणं यातला फरक तुला एका उदाहरणाने सांगते. २०१८ चा सेलेस्ट नावाचा गेम आहे, एका मुलीने डोंगर चढण्याचा. त्यात कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाच्या अगदी लहानशा अंशापर्यंत उडीचं बटण चालतं. म्हणजे तुला वाटतं आपण अगदी टोकावरून उडी मारली. खरं तर तू तोवर हवेत गेलेला असतोस आणि गेमने तुला सांभाळून घेतलेलं असतं. व्हिडिओ बघणाऱ्याला हे जन्मात कळणार नाही. खेळणाऱ्यालाही कळत नाही म्हणा, पण त्याच्या हाताला ते जाणवतं. त्याला एवढंच वाटतं, की हा गेम अवघड आहे पण अन्यायी नाही. अशा गोष्टी सापडल्या की लेख तयार होतो.

सिल्कसाँगबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. तो तू खेळलायस, मित्राच्या लॅपटॉपवर, मला माहीत आहे. दिवाळीत तू अंगणात उभा राहून त्यातल्या मूरविंग या शत्रूचं नुसतं वर्णन करत होतास, हातवारे करून, आणि ताई फराळाला हाका मारत होती. आणि आता यादीत काय लिहिलंस? ‘ग्राफिक्स सुंदर, कंट्रोल चांगले, खूप कठीण.’ हे तर गेम न उघडताही लिहिता येतं!

आमच्या टेस्टिंगच्या कामात ‘गेम नीट चालत नाही’ एवढंच कुणी लिहिलं तर तक्रार परत येते. कुठल्या खोलीत, काय करताना, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे लिहावंच लागतं. तारीफही तशीच लिहावी. सिल्कसाँगमधली नायिका हॉर्नेट खाली वार करते तो सुरुवातीला तिरका जातो. पहिल्या हॉलो नाइटमध्ये तो सरळ खाली जायचा. त्यामुळे जुना भाग खेळलेल्यांचे हात आधी चुकतात. जीव म्हणून पाच मुखवटे घेऊन निघायचं आणि कित्येक शत्रू एका फटक्यात दोन उडवतात. उलट जखम भरायला रेशमाची मोठी गुंडी खर्चावी लागते, पण एकदम तीन मुखवटे परत मिळतात. म्हणजे घाबरून थोडं थोडं सावरणं नाही, नेमकी वेळ साधून एकदाच. हे सगळं तू हाताने शिकलायस. तेच लिही. मूरविंगशी लढताना तू कधी उडी मारायचास आणि कधी थांबायचास, एवढं एक पान दिलंस तरी पुरे.

जाता जाता: सिल्कसाँग ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीने केला, तीन माणसांची टीम. २०१९ च्या फेब्रुवारीत जाहीर झाला, ४ सप्टेंबर २०२५ ला आला, तेव्हा विकत घेणाऱ्यांच्या गर्दीने स्टीमसकट बाकीची दुकानंही काही वेळ कोलमडली. आणि आल्यावर पहिल्याच दुरुस्तीत त्यांनी तुझा तो मूरविंग थोडा मवाळ केला. तू त्याला आधी हरवलंस की नंतर, हे मी विचारत नाही.

यादीतून बलाट्रो तू गाळलास, कारण तो ‘२०२४ चा आहे’. राजी गाळलास, कारण तो २०२० चा. हा नियम तुला कुणी घालून दिला? बक्षीस देणाऱ्यांना त्या वर्षात आलेले गेम बघावे लागतात, त्यांचं ते काम आहे. तुझं वर्ष तू ज्यात घालवलंस ते तुझं. बलाट्रो तू फोनवर इतका खेळलास की गोंदियाच्या गाडीत तुझं स्टेशन चुकता चुकता राहिलं. पोकरचे पत्ते आहेत, पण त्यात खऱ्या पैशाची पैज नाही. जोकर गोळा करायचे आणि गुणांचे गुणाकार फुगवत न्यायचे. कॅनडातल्या एका माणसाने तो बनवला आणि आपलं खरं नाव पुढे न करता ‘लोकलथंक’ याच नावाने तो वावरतो. एका माणसाला, मोठ्या कंपनीशिवाय, हे जमतं हे तुझ्या वर्गातल्या मुलांना कळू दे.

राजीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तो पुण्याचा. नोडिंग हेड्स ही इथलीच छोटी कंपनी. श्रुती घोष, इयन मॉड आणि अविचल सिंग यांनी उभी केलेली. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी चिकाटीने तीन वर्षं काम करून २०२० मध्ये गेम आणला, आणि त्या वर्षी पहिल्यावहिल्या गेमसाठीच्या गटात ‘द गेम अवॉर्ड्स’चं नामांकनही मिळवलं. राजी आणि तिचा भाऊ गोलू, सर्कशीतली भावंडं; राक्षस मुलांना पळवतात आणि ती भावाच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत तिची गोष्ट सांगतात. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवलेत, महाल राजस्थानी आहेत. पहिल्यांदा एका खांबावरून दुसऱ्यावर झेपावताना तिचे हात कसे पसरतात, ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं होतं.

पण वाढदिवसाला मी दिला म्हणून किंवा आपल्या देशातला म्हणून त्याला दोन गुण वाढवून देऊ नकोस. लढाईत गर्दी झाली की कॅमेरा दूर जातो आणि राजी कुठे आहे तेच कळत नाही. शेवट तर असा तुटतो की पुढचं पान फाटलंय की काय असं वाटतं. हे लिही. घरच्या माणसाचं खरं कौतुक करायचं तर त्याच्या उणिवाही लिहाव्या लागतात, नाहीतर वाचणारा पहिल्या भागावरही विश्वास ठेवत नाही.

प्रस्तावनेत तू लिहिलंयस की ‘आपल्याकडच्या गोष्टींवर गेम होत नाहीत’. ते वाक्य काढून टाक. २०२३ चा व्हेन्बा बघ: कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईची डाग पडलेली पाककृतींची वही, आणि इडलीपात्राच्या थाळ्या कशा रचायच्या म्हणजे वाफ वरपर्यंत जाईल, हे कोडं. एवढ्याशा गेमला २०२४ मध्ये बाफ्टा मिळालं. आणि तुझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर भरवेलीची खाण आहे, आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण असं ती चालवणारी मॉइल कंपनी सांगते. जमिनीखाली उतरत जाणाऱ्या गेमांवर जगातली अर्धी पोरं फिदा आहेत. विषय नाहीत म्हणू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बीजीएमआय यादीत का नाही? रोज रात्री साडेनऊला तुम्ही चौघं जमता, एक वारासिवनीचा, एक लांजीचा, आणि ताई मला सांगते की बंद दारातून नुसता ‘रिव्हाइव्ह दे, रिव्हाइव्ह दे’ असा ओरडा ऐकू येतो. वर्षभर सर्वांत जास्त वेळ ज्याला दिला तोच गेम यादीत नाही, कारण ‘सगळेच खेळतात, लोक हसतील’. हसू देत. हसतील त्यातल्या निम्म्यांच्या फोनवर तो असतोच. पबजी सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला, २०२१ च्या जुलैत बीजीएमआय म्हणून आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा गायब, २०२३ च्या मेमध्ये पुन्हा हजर. शाळेतून कॉलेजात जाईपर्यंत तुझी मैत्री या येण्या-जाण्यात गुंतलेली आहे. तो लेख दुसरं कुणी लिहू शकत नाही. आणि वाईट तेही लिही: पेटी उघडायला पैसे टाकायचे, आत काय निघेल ते नशिबावर, आणि बंदूक तीच, फक्त रंग वेगळा. त्यावर पैसे घालू नकोस, एवढं मावशी म्हणून सांगते.

भाऊजींना मोबाइलवरचा प्रत्येक गेम जुगार वाटतो. त्यांना शांतपणे सांग की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला त्यानेच हा फरक केलाय. पैसे लावून पैसे जिंकायचे गेम चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता. पण तुझ्या ओळखीतल्या कुणी रंग ओळखून पैसे दुप्पट करण्याचं ॲप दाखवलं, तर तिथे भाऊजींचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तिथे वाद घालू नकोस, ॲप काढून टाक.

माझी यादी विचारली होतीस. तीनच नावं आहेत. एक्सपिडिशन ३३ मी विकत घेऊन पूर्ण केला. दरवर्षी एक चित्रकर्ती शिळेवर आकडा लिहिते आणि त्या वयाची सगळी माणसं विरून जातात, ही कल्पनाच अशी की पहिला तास मी जागची हलले नाही. माँपेलियेतल्या तीसेक जणांच्या टीमने केलाय. तरी तिसऱ्या अंकात लढाया एका फटक्यात संपायला लागतात आणि सगळी धार जाते. बक्षिसांच्या टाळ्यांत हे कुणी फार बोललं नाही. दुसरा ब्लू प्रिन्स: पंचेचाळीस खोल्यांच्या वाड्यातली सेहेचाळिसावी खोली शोधायची, प्रत्येक दार उघडताना तीनपैकी एक खोली निवडायची, आणि दिवसाची पावलं मोजकी. माझी अख्खी वही भरली. नशीब आडवं आलं की चिडचिड होते, हेही खरं. तिसरा स्प्लिट फिक्शन, तो तुझ्या काकांबरोबर खेळले. दोघांशिवाय तो चालतच नाही, पण एकानेच विकत घेतला तरी दुसऱ्याला फुकट खेळता येतो. उन्हाळ्यात इथे आलास की तुला बसवते. तोवर तो तुझ्या यादीत नको.

तेव्हा यादी नव्याने लिही. दहा हवेतच असं तुमच्या संपादकांनी म्हटलेलं नाही, मी ताईला विचारून घेतलंय. सिल्कसाँग, बलाट्रो, राजी आणि बीजीएमआय, चार झाले. प्रत्येकात एक जागा निवड, जिथे तुझा हात अडला किंवा सुटला, आणि ती अशी सांग की तुझ्या आजीलाही कळेल. क्रमांक द्यायचे तर दे, पण पहिला का पहिला हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. हिंदी शब्द मधे आले तर येऊ देत, बालाघाटच्या माणसाच्या मराठीत ते येणारच. दहा जानेवारीपर्यंत पाठव. मी तपासून परत धाडते, पण वाक्यं तुझीच ठेवीन.

ताई-भाऊजींना नमस्कार, आजीच्या गुडघ्याला तेल लावतोस ना?

तुझी,
मावशी