मोटारीचें इंजिन कां तापतें?

विद्यार्थिमित्रहो, हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, अशी शंका कोणास येईल. परंतु आज निडी, नागोठणें, रोहें या बाजूच्या पुष्कळ घरांपुढें मोटार उभी असते. आणि वैशाखाच्या उन्हांत सुकेळीची खिंड चढतांना उष्णतेचा काटा तांबड्या रेघेकडे सरकूं लागला म्हणजे वडील माणसेंहि गोंधळून जातात. अशा वेळीं पदार्थविज्ञानाचा धडा उपयोगीं पडला नाहीं, तर तो पाठ करून काय लाभ?

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा स्थूल मानानें एक तृतीयांश भागच गाडी चालविण्याच्या कामीं येतो. सुमारें तितकाच भाग धुरावाटे जातो, आणि उरलेल्यापैकीं बहुतेक उष्णता इंजिनांत खेळणाऱ्या पाण्यास वाहून न्यावी लागते. हें पाणी पंप ढकलतो. थर्मोस्टॅट नांवाची झडप सुमारें ८० ते ९० अंश सेंटिग्रेडवर उघडून त्यास रेडिएटरची वाट देते, व तेथें वारा आणि पंखा त्यास निववितात. झांकण दाब धरून ठेवतें, म्हणून हें पाणी १०० अंशांच्या वर जाऊनहि उकळत नाहीं.

याच कारणास्तव तापलेल्या इंजिनाचें झांकण उघडणें अत्यंत धोक्याचें आहे. दाब सुटतांच पाणी उकळून तोंडावर उसळतें व चेहरा भाजून निघतो. गाडी बाजूस घ्यावी, इंजिन बंद करावें आणि वरची नळी हातास थंड लागेपर्यंत, निदान अर्धा तास तरी, थांबावें. तापलेल्या इंजिनांत एकदम थंड पाणी ओतूं नये. त्यानें धातूस तडा जाण्याचें भय असतें. मुलांनीं तर झांकणास हातच लावूं नये.

आतां निदानाकडे वळूं. ताप केव्हां चढतो हें वैद्य आधीं विचारतो, तसेंच येथें विचारावें. वडखळच्या नाक्यावर गर्दींत उभी असतां गाडी तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंखा किंवा त्याची मोटर तपासावी. उलट, उभी असतां ठीक पण चढावर किंवा वेगांत तापते, तर रेडिएटर तुंबला असेल, पट्टा घसरत असेल किंवा पंपाचीं पातीं झिजलीं असतील. गाडी सुरू करून थोड्याच वेळांत काटा चढला, वरची नळी गरम व खालची थंडच राहिली, तर थर्मोस्टॅट मिटलेला अडकला असावा. पाणी बाहेर कोठें न गळतां कमी होतें, धूर पांढरा येतो, तेल दुधाळ दिसतें, तर हेड गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी व गाडी मुळींच चालवूं नये.

पंपाचे दोन प्रकार आहेत. १९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडींतून पहिल्या सुमारें अडीच हजार गाड्यांनंतर पंप काढूनच टाकण्यांत आला होता. ऊन पाणी वर चढतें व थंड खालीं उतरतें, एवढ्याच नियमावर तिचें भागे. पुढें इंजिनें बलवान् झालीं व पंप अवश्य ठरला. यांत्रिक पंप इंजिनाच्याच बळानें पट्ट्याच्या द्वारें फिरतो. इंजिनाचे फेरे मिनिटास ८०० वरून ३२०० झाले कीं पंपाचेहि चौपट होतात. त्याची रचना साधी, किंमत बेताची. आणि बिघडण्यापूर्वीं तो बहुधा थेंब थेंब गळून किंवा घरघर करून सूचना देतो. दोष इतकाच, कीं इंजिन थांबलें कीं तोहि थांबतो.

विद्युत् पंपास हें बंधन नाहीं. जरूर तेवढाच तो फिरतो, व इंजिन थांबल्यावरहि पाणी खेळवूं शकतो. टोयोटाच्या २००९ च्या प्रियस गाडींत तो मुळापासूनच योजलेला आहे. परंतु १२ व्होल्टांवर ८ अँपिअर घेणाऱ्या पंपास ९६ वॉट शक्ति लागते, व ती बॅटरी आणि आल्टर्नेटर यांनींच पुरवावयाची. तार तुटली किंवा फ्यूज उडाला, तर तो पूर्वसूचना न देतां बंद पडतो.

मग कोणता घ्यावा? कारखान्यानें जो दिला असेल तोच चांगल्या प्रतीचा बसवावा, असें आमचें मत आहे. कित्येक गाड्यांत पंपाची पुली टायमिंग बेल्टचाच भाग असते; तेथें अदलाबदल करणें हें मोठें काम होऊन बसतें. शिवाय तुंबलेला रेडिएटर किंवा बंद पंखा नव्या पंपानें सुधारत नाहीं. रोग न ओळखतां औषध घेणें म्हणजे पालकांचा पैसा पाण्यांत घालणें होय.

शेवटीं एक अभ्यास. येत्या सुटींत सकाळीं, इंजिन थंड असतां, वडिलांसमवेत बोनेट उघडा. पाण्याची पातळी, पट्ट्याचा ताण, नळ्यांच्या चिरा व जमिनीवरील ओल पाहून वहींत टिपून ठेवा. खाडीलगतच्या विहिरीचें मचूळ पाणी इंजिनांत घालूं देऊं नका. त्यांतील क्षार धातू खातात. कंपनीनें सांगितलेलें कूलंटच वापरावें. असा दर महिन्याचा थोडासा तपास भर उन्हांतील मोठी आपत्ति टाळतो.