ब्राउझर मूळ स्थितीवर कसा आणावा?



सातबारा पाहणे, पीक विम्याचा अर्ज भरणे, ऊस बिल खात्यावर जमा झाले का ते बघणे, ही कामे आता घरोघरी ब्राउझरवर होतात. परंतु "साहेब, उघडायला जातो एक, अन् उघडतं भलतंच!" अशी तक्रार आमच्याकडे वरचेवर येते.

कारण साधे आहे. फुकटचे सॉफ्टवेअर उतरवताना न वाचता 'होय' दाबले, की सोबत आगंतुक एक्स्टेंशन शिरते. ते सुरुवातीचे पान व सर्च इंजिन बदलून टाकते. मग बँकेचे नाव शोधावे तर नकली पान पुढ्यात येऊ शकते. तेथे पासवर्ड, ओटीपी दिला की वर्षाच्या उसाचे पैसे गेलेच समजा.

संगणकावरील क्रोमसाठी उपाय असा :

१) वर उजव्या कोपऱ्यातील तीन टिंबे दाबून 'सेटिंग्ज' उघडावे.
२) यादीतील 'रीसेट सेटिंग्ज' निवडावे.
३) खात्रीसाठी प्रश्न येईल. तो वाचून मगच होकार द्यावा.

खोडवा ठेवताना आपण बुडखे जमिनीलगत छाटतो, मुळे राखतो. इथेही तसेच. सुरुवातीचे पान व सर्च इंजिन पूर्ववत होते, एक्स्टेंशन बंद पडतात, कुकीज पुसल्या जातात. बुकमार्क, हिस्टरी व साठवलेले पासवर्ड राहतात. कुकीज गेल्याने संकेतस्थळांवर पुन्हा लॉगिन करावे लागेल, त्याने घाबरू नये. एक्स्टेंशन नुसते बंद पडते, निघत नाही. ते यादीतून स्वतः काढावे, नाहीतर लव्हाळ्यासारखे पुन्हा फुटेल.

अँड्रॉइड मोबाइलवरील क्रोममध्ये हे बटण नाही. तेथे आधी 'साइट सेटिंग्ज'मधील 'नोटिफिकेशन्स' पाहून अनोळखी साइटची परवानगी काढावी. बहुतेक वेळा जाहिरातींचा उपद्रव तेवढ्याने थांबतो. फोनच्या सेटिंग्जमधून क्रोमचा सगळा डेटा पुसणे हा शेवटचा उपाय. तो म्हणजे उभा ऊस नांगरणे! गुगल खात्यात जतन नसलेले बुकमार्क व पासवर्डही त्यात जातात. म्हणून आधी ते वहीत उतरवून वही कुलपात ठेवावी.

आणखी एक. रीसेटने ब्राउझर साफ होतो, गेलेले पैसे परत येत नाहीत. फसवणूक झालीच तर लाजू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी व बँकेस कळवावे. जितका उशीर, तितके नुकसान.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते